खार, हत्ती आणि इस्त्री

"अहो, हे धूड कुठे ठेवताय?" बायकोने तोंडातल्या टाचण्या न काढताच विचारलं.

"तात्पुरतं ठेवतोय," चिकित्सक म्हणाले. माळ्यावरून उतरवलेला जुना संगणक पोटाशी धरून ते शिवणाच्या खोलीत फिरत होते. खिडकीजवळ ठेवला तर ऊन लागेल, दाराजवळ ठेवला तर पाय लागेल, कपाटाशेजारी ठेवला तर कपाट उघडणार नाही. प्रत्येक कोपऱ्यात तो ठेवून, दोन पावलं मागे जाऊन, मान वाकडी करून पाहून झालं. शेवटी बायको उठली, तिने तो त्यांच्या हातातून घेतला, कापडं बेतायच्या मोठ्या टेबलाखाली पायाने सरकवला आणि ती पुन्हा मशीनवर बसली. शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायचं काम तिला मिळालं होतं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं आणि पडदे शुक्रवारी संध्याकाळी पोचवायचे होते, त्यामुळे नवऱ्याचं मत बनेपर्यंत थांबायला तिला वेळ नव्हता.

चिकित्सक हे नाव त्यांना ऑफिसात पडलं होतं. आधी ते पाठीमागे घेतलं जाई, मग लोक तोंडावर म्हणू लागले, आणि त्यांनाही ते हळूहळू आवडायला लागलं. ते वाईट नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. फक्त कुठलीही गोष्ट निवडायची म्हटली की त्यांच्या जिवाला घोर लागायचा. लग्नाचं विचारायलाही त्यांनी इतका वेळ घेतला होता की शेवटी बायकोनेच विचारून टाकलं. अशा माणसाला ऑफिसने निवड समितीचा प्रमुख करावं, हा कुणाचा विनोद होता ते अजून उघडकीला आलेलं नाही.

ऑफिस बसगाड्यांचं वेळापत्रक आखणारा प्रोग्राम बनवत असे. कुठली बस कुठून कधी सुटेल, चालक कोण, बिघडली तर बदली गाडी कुठली, हे सगळं तो प्रोग्राम ठरवायचा. असा प्रोग्राम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूर, म्हणजेच कोड. आणि इथे तो लाखो ओळींचा होता. ऑफिसातली सगळी माणसं एकाच वेळी त्यात लिहीत, खोडत, एकमेकांच्या चुका दुरुस्त करत. कुणी काय बदललं, का बदललं आणि कुणामुळे बिघडलं याचा हिशेब ठेवायला कोडला एक घर लागतं. आजवर हे घर एका परक्या कंपनीचं, भाड्याचं होतं. त्या कंपनीने 'आम्ही दुकान बंद करतोय, आपापलं सामान हलवा' असं कळवून टाकलं आणि ऑफिसात धावपळ उडाली.

"यापुढे भाड्याचं नको," संचालक मॅडम म्हणाल्या. "ज्यांचा आतला कोड सगळ्यांना खुला असतो ना, त्यातलं एखादं घर घ्या आणि आपल्याच मशीनवर बसवा. म्हणजे उद्या कुणी उठ म्हणणार नाही. शुक्रवारी दुपारी बस कंपनीचे अधिकारी प्रोग्राम बघायला येतायत, त्याआधी मला हे मार्गी लागलेलं हवंय."

चिकित्सकांनी मान हलवली आणि त्या क्षणापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना.

अशी खुली घरं बरीच होती. बैठका घेऊन घेऊन समिती तीन घरांवर आली आणि रोज लांबलचक नावं कोण घेणार, म्हणून त्यांना टोपणनावं पडली. एकात सगळंच होतं, कोड ठेवा, तपासा, चालवा, त्यावर भांडा. पण त्याला मशीनही तेवढंच दांडगं लागायचं. तो हत्ती. दुसरं अगदी लहान आणि चपळ, कुठेही मावणारं. ती खार. तिसरं फार जुनं, दिसायला रुक्ष, पण कधी आजारी न पडलेलं. ते आजोबा.

मशीनरूम सांभाळणारे काका आजोबांच्या बाजूने होते. प्रोग्राममधल्या चुका शोधणारी ताई खारीवर खूश होती. हत्तीच्या बाजूने बाकी सगळे होते, कारण तो त्यांना सांभाळावा लागणार नव्हता.

"खारीत काही अडलं तर आपण आत शिरून दुरुस्त करू शकतो, काका. सगळा कोड उघडा आहे," ताई म्हणायची.

"उघडा तर आजोबांचाही आहे. म्हणून मी काय तो उघडून बघतो?" काका म्हणायचे. "शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं म्हणून आपण त्यांच्या घरात जाऊन भांडी घासतो का?"

"पण आपला पसारा किती मोठा आहे. इतक्या वर्षांचा इतिहास, एवढ्या फायली. खारीला झेपेल का?" हे चिकित्सक. त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं आणि 'का'ने संपायचं.

झेपेल की नाही हे बसवून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. बसवायला मशीन हवं होतं. मशीनसाठी चिकित्सक काकांकडे गेले, तर काका म्हणाले, "रिकामं मशीन नाही, खरेदीतून मागवा." खरेदीतले भाऊसाहेब म्हणाले, "कुठलं बसवणार ते ठरल्याशिवाय केवढं मशीन घ्यायचं हे मी कसं ठरवू?" चिकित्सक म्हणाले, "मशीन आल्याशिवाय कुठलं बसवायचं हे मी कसं ठरवू?" भाऊसाहेबांनी सहानुभूतीने मान हलवली आणि ते जेवायला गेले. म्हणून चिकित्सकांना माळ्यावरच्या संगणकाची आठवण झाली होती.

घरी त्यांनी खार बसवली. लुटुपुटूच्या कोडवर परीक्षा काय घ्यायची, म्हणून ऑफिसचा सगळाच्या सगळा कोड, इतिहासासकट, त्यात उतरवून ठेवला. ऑफिसचा कोड बाहेर न्यायचा नाही, नेला तर नोकरी गेली, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. तो लिहिणाऱ्या समितीतही तेच होते. पण एका दिवसाचा प्रश्न आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग खार कशी पळते ते बघायला दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्या ताईला तिचा पत्ता दिला.

इथे चूक झाली. आणि ती अशी चूक होती की त्या ऑफिसातल्या माणसांनीच करावी.

भाड्याच्या कंपनीने सांगितलेल्या तारखेची वाट न बघता सोमवारी सकाळीच दाराला कडी लावली. जुनं वाचता येत होतं, नवीन काही लिहिता येईना. सगळं ऑफिस हात चोळत बसलं. ताईला ते बघवेना. तिने सगळ्यांना सांगून टाकलं, "सरांनी खार बसवलीय, कोड पण आहे तिथे. तात्पुरतं तिथेच करा काम." तासाभरात अख्खं ऑफिस खारीवर होतं. ताईला वाटलं मशीन काकांनी दिलं असेल. काकांना वाटलं भाऊसाहेबांनी मागवलं असेल. भाऊसाहेबांना वाटलं काहीतरी फुकट मिळालं असेल, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीची चौकशी करायची नाही हे त्यांचं तत्त्व होतं.

चिकित्सकांना हे कळलं तेव्हा ते चहा घेत होते. कप खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. सांगावं तर नोकरी जाते. न सांगावं तर ऑफिसची सगळी कमाई बायकोच्या कातरीशेजारी ठेवल्यासारखी. सांगायचं की नाही हे निवडायचं होतं, म्हणजे ते राहूनच गेलं.

दुपारी एकाएकी खार बंद पडली.

"काय करतेयस गं?" चिकित्सकांनी जिन्यात जाऊन हलक्या आवाजात फोन केला.

"इस्त्री. का?"

"संगणक बंद केलास?"

"मग काय करू? दोन्ही एकदम लावलं की फ्यूज उडतो खोलीतला. तुम्हीच म्हणालात, लागला तर बिनधास्त बंद कर, तात्पुरतं आहे."

त्या खोलीची वायर जुनी झाली होती. ती बदलून घ्यायची हे वर्षापूर्वीच ठरलं होतं. कोणत्या वायरमनकडून, ते ठरायचं होतं.

"मग इस्त्री दुसऱ्या खोलीत नेली तर?"

"आणि एवढे पडदे पसरू कुठे, तुमच्या डोक्यावर?" बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पडद्यांना चुण्या होत्या, आणि प्रत्येक चुणीवर इस्त्री फिरवावी लागे. त्यामुळे रोज जेवणं आटोपली की टेबलाखालचं बटण बंद व्हायचं आणि तिकडे सगळं ऑफिस ठप्प व्हायचं. काकांनी यात लक्ष घातलं. "हा बाहेरून हल्ला आहे," ते बैठकीत म्हणाले. "हल्लेखोर रोज दुपारी जेवण झालं की येतो, तासभर धुमाकूळ घालतो आणि जातो."

"म्हणजे शिस्तीचा दिसतोय," मॅडम म्हणाल्या.

चिकित्सक समोरच्या पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. "मला वाटतं, त्या वेळात सगळ्यांना चहाची सुट्टी दिली तर," ते म्हणाले, "हल्लेखोर कंटाळून जाईल."

सूचना विचित्र होती, पण चहाच्या सुट्टीला विरोध करणारा माणूस त्या खोलीत नव्हता. तेव्हापासून ऑफिसचा चहा इस्त्रीच्या वेळेवर होऊ लागला. चिकित्सक रोज सकाळी निघताना बायकोला विचारत, "आज किती वाजता गं?" आणि ऑफिसात येऊन चहाची वेळ फळ्यावर लिहीत. बायकोला वाटलं, हे आता आपल्या कामात लक्ष घालायला लागले. तिला बरं वाटलं आणि चिकित्सकांना त्याहून वाईट वाटलं. रात्री झोप लागेना. संगणकाचा पंखा घरघरला तरी जीव खालीवर, आणि घरघर थांबली तर त्याहून जास्त.

शुक्रवारी सकाळी काका धापा टाकत मॅडमच्या खोलीत आले. चिकित्सक तिथेच बसून अहवालाचं शीर्षक कुठल्या अक्षरात छापावं हे विचारत होते.

"मॅडम, कोड चोरीला गेलाय," काका म्हणाले. "खारीला कुंपण घालावं म्हणून मी मशीन शोधत होतो. अख्खी मशीनरूम पालथी घातली. मशीन ऑफिसात नाहीच. बाहेर कुठल्या तरी घरात चालू आहे."

"मग आपले लोक आठवडाभर काम कुठे करतायत?"

"चोराच्या घरी," काका म्हणाले.

मॅडमनी पोलिसांना लावायला फोन उचलला. चिकित्सक उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आगापिछा न बघता तोंड उघडलं.

"मॅडम, ते घर माझं आहे."

मॅडमनी फोन ठेवला. मग त्यांनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, "चला. मला बघायचंय."

काकांच्या गाडीतून तिघं घरी आले. दार उघडलं ते बायकोने. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, मागे, शेवटचा दिवस म्हणून आज लवकरच लावलेली, धुमसणारी इस्त्री. मॅडमना बघून तिला वाटलं, शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. "या, या. जवळपास झालेच आहेत. शेवटचा राहिलाय. चुण्या बघा, एकसारख्या आहेत की नाही?" म्हणत तिने पडद्याचं टोक मॅडमच्या हातात दिलंसुद्धा. मॅडमनी चुण्या पाहिल्या. चांगल्या होत्या.

"आमचा बसगाड्यांचा प्रोग्राम कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

बायकोने चिकित्सकांकडे पाहिलं. चिकित्सकांनी टेबलाखाली पाहिलं. तिथे संगणक बंद होता, दोऱ्यांची तुसं आत जाऊ नयेत म्हणून त्यावर उशीचा अभ्रा घातलेला.

"यात? यात तर ह्यांचं तात्पुरतं काहीतरी आहे ना?"

"तात्पुरतं," मॅडम म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी अशा आवाजात म्हटला की काका खिडकीबाहेर बघू लागले. "तुमच्याबद्दल आपण सोमवारी बोलू. आधी हे चालू करा. दुपारी बसवाले येतायत. त्यांना दाखवायचा प्रोग्राम अजून दुरुस्त होतोय आणि तो सगळा यात आहे."

"चालू करा, पण माझी इस्त्री झाली की," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझे पडदे संध्याकाळी जायचेत. शाळेचा कार्यक्रम उद्या आहे. मी शब्द दिलाय."

"अगं, माझी नोकरी जाईल."

"ती जाणारच आहे असं ह्यांच्या बोलण्यावरून दिसतंय. मग माझं काम तरी राहू दे."

संगणक उचलून ऑफिसात न्यावा, तर काका म्हणाले, "ह्या वयात याला हलवलं आणि चालूच झाला नाही तर मी जबाबदार नाही." मॅडम खोलीभर येरझाऱ्या घालत होत्या, चिकित्सक त्यांच्या मागून घालत होते. शेवटी मॅडम थांबल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग इस्त्रीकडे.

"मशीन हलणार नाही ना? मग पडदे हलवा," त्या म्हणाल्या. "आमच्या बैठकीच्या खोलीत लांबच लांब टेबल आहे. तुम्ही इस्त्री घेऊन चला."

अशी ती वरात निघाली. पुढे बायको इस्त्री घेऊन, मागे पडद्यांच्या ढिगाखाली फक्त पाय दिसणारे काका, आणि सगळ्यात मागे चिकित्सक. संगणक चालू केलाय ना हे बघायला ते दारातून पुन्हापुन्हा परत जात होते. ऑफिसात टेबलावर पडदा पसरला. पलीकडच्या खोलीत बस कंपनीचे अधिकारी येऊन बसले होते, वेळापत्रक ठळक दिसावं म्हणून मजल्यावरच्या खिडक्या झाकल्या होत्या, भिंतीवर ते झळकत होतं आणि ताई शेवटची दुरुस्ती खारीकडून मागवून घेणार होती. बायकोने इस्त्रीची पिन भिंतीत घातली आणि बटण दाबलं.

मजल्यावरचे सगळे दिवे गेले.

पंखे थांबले, संगणकांचे पडदे विझले, मशीनरूममधली अखंड घरघर हळूहळू खाली येत बंद झाली. अंधारात काकांचा आवाज आला, "बॅटऱ्या का नाही लागल्या?"

"बॅटऱ्या घ्यायच्यायत अजून," भाऊसाहेब दुसऱ्या कोपऱ्यातून म्हणाले. "कुठल्या घ्यायच्या ते चिकित्सकांकडे आहे. उन्हाळ्यापासून."

आता चिकित्सकांना काढून टाकायला सोमवारपर्यंतही थांबायचं कारण उरलं नव्हतं. मॅडम अंधारात कुठे उभ्या आहेत हे दिसत नव्हतं, एवढंच काय ते बरं होतं.

पण ताईचा छोटा संगणक त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालू होता. तिने फोनवरून जोडणी घेतली, खारीला हाक मारली आणि खारीने ओ दिली. शिवणाच्या रिकाम्या खोलीत, अभ्र्याखाली, ते धूड इमानाने घरघरत होतं. ताईने शेवटची दुरुस्ती उतरवून घेतली, संगणक अधिकाऱ्यांपुढे ठेवला आणि बसगाड्या वेळेवर सुटू लागल्या.

"अख्ख्या इमारतीचे दिवे गेले, तरी तुमचं चालू?" मुख्य अधिकारी पुढे वाकून म्हणाले.

"आमची व्यवस्था एका इमारतीवर अवलंबून नाही," मॅडम अंधारातून म्हणाल्या. "मुद्दामच."

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. दिवे मुद्दाम घालवून दाखवणारी कंपनी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. काम मिळालं. काकांनी फ्यूज घातला, बायकोला दुसऱ्या वायरवर इस्त्री लावून दिली, आणि ताईने उरलेल्या चुण्या धरल्या. पडदे वेळेत शाळेत पोचले.

सोमवारी मॅडमनी चिकित्सकांना बोलावलं. चिकित्सक गेले आणि बसायचं की उभं राहायचं या विचारात खुर्चीच्या पाठीला धरून राहिले.

"बसा. मशीन आज काका जाऊन घेऊन येतील, सावकाश," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना खार आवडलीय, तीच ठेवू. मला एकच सांगा. अहवालात तुम्ही लिहिलंय, सखोल तुलनात्मक अभ्यासाअंती खारीची निवड केली. हा अभ्यास कधी केलात?"

चिकित्सकांनी घसा साफ केला. आता खोटं बोलून काय मिळणार होतं? "आधी हत्ती बसवायला घेतला होता. तो त्या संगणकात मावला नाही. मग खार बसवली. आजोबांना दुसऱ्या दिवशी बसवणार होतो, पण तोवर सगळे येऊन राहिले होते."

"म्हणजे निवड केलीच नाही."

"नाही."

मॅडमनी अहवाल मिटला. त्या खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते, पण चिकित्सकांना ते रागाने हलतायत असं वाटलं.

"कोड घरी नेणं ही साधी गोष्ट नाही," त्या वळून म्हणाल्या. "नियम तुम्हीच लिहिलाय. मला काही करायची वेळ आणू नका. राजीनामा लिहून आणलाय?"

"आणलाय, मॅडम." चिकित्सकांनी बॅगेतून कागद काढून टेबलावर ठेवले. मग त्यातला एक उचलून मागे घेतला, दुसरा पुढे सरकवला, आणि तोही पुन्हा आपल्याकडे ओढला.

"हे काय?"

"तीन मसुदे आहेत. एकात दिलगिरी जास्त झालीय, एकात कमी पडतेय. तिसरा बरा आहे, पण सुरुवात जमली नाही." त्यांनी तिन्ही कागद पुन्हा चाळले. "कुठला द्यावा ते ठरत नाहीये."

मॅडमनी तिन्ही कागद एकत्र केले, टोकं जुळवली आणि ते परत त्यांच्या हातात दिले.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "नीट विचार करा. ठरला की आणून द्या, तोवर कामाला लागा."

चिकित्सक अजून तिथेच नोकरीला आहेत.